खडकावरचा पोप

२६ जुलै १४१७ या दिवशी कॉन्स्टन्स शहरात भरलेल्या धर्मपरिषदेनं निकाल जाहीर केला: स्वतःला पोप बेनेडिक्ट तेरावा म्हणवणारा पेद्रो दे लुना हा शपथ मोडणारा, चर्चमध्ये फूट पाडणारा आणि पाखंडी आहे, त्याला पदावरून दूर केलं आहे, यापुढे कुणीही त्याची आज्ञा मानू नये. सम्राट, राजे, विद्यापीठं, मठ, जवळजवळ सगळा ख्रिस्ती युरोप या निकालाच्या पाठीशी होता. ज्याच्याविरुद्ध निकाल लागला तो माणूस नव्वदीला टेकला होता आणि भूमध्य समुद्रातल्या एका खडकावरच्या किल्ल्यात राहत होता. त्यानं निकाल मानला नाही. मरेपर्यंत मानला नाही.

त्या खडकाचं नाव पेन्यीस्कोला. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, वालेन्सिया आणि बार्सेलोना यांच्या मधे, कास्तेयोन प्रांतात हे गाव आहे. उन्हाळ्यात इथं माणसांचा पूर येतो. उत्तरेकडची पुळण बेनिकार्लोच्या दिशेनं पाच किलोमीटरच्या आसपास पसरली आहे. तिच्या कडेनं हॉटेलं, छत्र्या, मुलांचा गलका. मात्र पुळणीवर कुठंही उभं राहिलं तरी नजर दक्षिणेकडे खेचली जाते. तिथं खडक पाण्यात घुसलेला दिसतो, त्याच्या अंगाखांद्यावर पांढऱ्या घरांची दाटी आणि माथ्यावर, समुद्रापासून ६४ मीटर उंचीवर, मातकट दगडाचा आडवातिडवा किल्ला. हा खडक जमिनीला जोडला गेला तो वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीनं. पूर्वी वादळ झालं की लाटा पट्टीवरून जात आणि गावाचं बेट होई. आता पट्टीवर रस्ते आणि इमारती आल्या आहेत.

सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला इथं एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. भोवती खारं पाणी आणि खडकाच्या पोटात मात्र गोड्या पाण्याचे झरे. तटाच्या आतच पाणी मिळत असल्यानं वेढा घालणाऱ्याला तहानेचं हत्यार वापरता येत नसे. गावाच्या घरांमधेच खडकाला एक मोठं भोक आहे, त्याला ‘बुफादोर’ म्हणतात. लाट खालच्या पोकळीत शिरली की भोकातून आधी घोगरा हुंकार येतो, आणि समुद्र खवळलेला असेल तर त्यामागोमाग पाण्याचा फवारा. वाटेनं जाणारा माणूस दचकून मागं सरतो.

किल्ला बांधला टेम्प्लर या ख्रिस्ती धर्मयोद्धा संघानं. १२९४ मध्ये आरागोनचा राजा हाइमे दुसरा याला एब्रो नदीवरचं तोर्तोसा हवं होतं. तिथला हक्क टेम्प्लरांकडे होता. अदलाबदल ठरली आणि पेन्यीस्कोला टेम्प्लरांकडे आलं. जुन्या अरब गढीच्या जागी त्यांनी नवा किल्ला उभारायला घेतला. पॅलेस्टाइनमधला शेवटचा मोठा आधार, आक्रे, तीनच वर्षांपूर्वी त्यांच्या हातून गेला होता, आणि इथल्या भिंती पाहताना त्या पूर्वेकडच्या किल्ल्यांची आठवण येते. नक्षी जवळजवळ नाहीच. घडीव दगडाच्या जाड भिंती, पिंपाच्या आकाराच्या कमानीची छतं, छोट्या खिडक्या. प्रार्थनागृहसुद्धा कोठारासारखं साधं. दरवाजावर बेरेंगेर दे कार्दोना आणि आर्नाउ दे बान्युल्स या दोन टेम्प्लर अधिकाऱ्यांची चिन्हं दगडात कोरलेली आहेत. तेवढाच काय तो त्यांचा मागमूस. काम १३०७ मध्ये संपत आलं आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये टेम्प्लरांची धरपकड सुरू झाली. डिसेंबरात आरागोनच्या राजानं पेन्यीस्कोलाही ताब्यात घेतलं. बांधणाऱ्यांना त्या भिंतींचं सुख लाभलं नाही. पुढे किल्ला मोन्तेसा नावाच्या नव्या धर्मयोद्धा संघाकडे गेला, आणि त्यांच्याकडून शतकभरानं पेद्रो दे लुनाकडे.

हा लुना कोण, आणि एक पोप इथं येऊन का राहिला, हे समजायला १३७८ सालात जावं लागतं. त्याआधी सुमारे सत्तर वर्षं पोप रोममध्ये नव्हते, फ्रान्सच्या छायेत आव्हिन्यों इथं राहत होते. ग्रेगरी अकरावा रोमला परतला आणि मार्च १३७८ मध्ये तिथंच वारला. नवा पोप निवडायला कार्डिनल जमले तेव्हा बाहेर रोमन जमाव ओरडत होता: रोमन पोप द्या, निदान इटालियन तरी द्या. त्या गदारोळात ८ एप्रिलला बारीच्या आर्चबिशपची निवड झाली. त्यानं अर्बन सहावा हे नाव घेतलं. काही आठवड्यांत कळलं की नव्या पोपचा संताप आवरणं कुणाच्या हातात नाही. कार्डिनल एकेक करून रोममधून निसटले. आम्ही जिवाच्या भीतीनं मत दिलं, म्हणून ती निवड रद्द, असं त्यांनी जाहीर केलं, आणि सप्टेंबरात फोन्दी इथं दुसरा पोप निवडला: क्लेमेंट सातवा. तो आव्हिन्योंला जाऊन बसला. एका चर्चला दोन पोप झाले, दोन दरबार झाले. फ्रान्स, स्कॉटलंड आणि पुढे स्पेनमधली राज्यं आव्हिन्योंकडे, तर इंग्लंड, जर्मनीचा आणि इटलीचा बराच भाग रोमकडे. प्रत्येक पोप दुसऱ्याच्या अनुयायांना बहिष्कृत करी. साध्या माणसाच्या दृष्टीनं प्रश्न भयंकर होता: माझ्या गावच्या पाद्र्यानं दिलेला संस्कार खरा की खोटा?

पेद्रो दे लुना या दोन्ही निवडणुकांना हजर होता. आरागोनमधल्या इल्युएका गावच्या सरदार घराण्यात, रूढ तारखेनुसार १३२८ मध्ये, त्याचा जन्म झाला. मोंपेलियेला तो चर्चचा कायदा शिकला आणि त्यानं तो शिकवलाही. १३७५ मध्ये ग्रेगरी अकराव्यानं त्याला कार्डिनल केलं. हे साल वाचकानं लक्षात ठेवावं, पुढे सगळा वाद त्यावर येऊन थांबणार आहे. अर्बनची निवड वैध आहे असं लुनाचं सुरुवातीला मत होतं. मग त्यानं कागद तपासले, विचार बदलला आणि क्लेमेंटची बाजू घेतली. एकदा घेतल्यावर मात्र सोडली नाही. कास्तिल, आरागोन, नावार ही राज्यं एकामागून एक आव्हिन्योंच्या बाजूला आली, त्यात त्याच्या वकिलीचा मोठा वाटा होता.

१३९४ मध्ये क्लेमेंट वारला. कार्डिनलांनी निवडणुकीआधी लेखी शपथ घेतली की जो निवडून येईल तो चर्चच्या ऐक्यासाठी गरज पडली तर पद सोडेल. लुनानंही सही केली. २८ सप्टेंबरला तोच निवडून आला. आणि मग राजीनाम्याची मागणी झाली तेव्हा त्यानं विचारलं, गरज पडली हे ठरवायचं कुणी? पोपवर निवाडा करणारा पृथ्वीवर कुणी नाही, असं कायदा सांगतो. राजाच्या दबावाखाली पोपनं पद सोडलं तर उद्या प्रत्येक राजा तेच करेल. हा मुद्दा पोकळ नव्हता. पण सही त्याचीच होती, हेही खरं.

१३९८ मध्ये फ्रान्सनं त्याची आज्ञा नाकारली. बहुतेक कार्डिनल त्याला सोडून नदीपलीकडे गेले आणि आव्हिन्योंच्या राजवाड्याला वेढा पडला. सत्तरीचा पोप मूठभर आरागोनी शिपायांसह आत कोंडला गेला. सुरुवातीला तोफा चालल्या, मग वर्षानुवर्षं नुसती नजरकैद. आरागोनच्या राजानं सुटकेसाठी पाठवलेली जहाजं रोन नदीला पाणी कमी असल्यानं वरपर्यंत पोचलीच नाहीत. राजीनामा दिला तर दार उघडणार होतं. त्यानं तो दिला नाही. ११ मार्च १४०३ च्या रात्री तो वेष पालटून राजवाड्याबाहेर पडला, नावेत बसला आणि सकाळी आव्हिन्योंच्या हद्दीबाहेर शातोरनारच्या गढीत होता. तिथं त्यानं पुन्हा पोपची वस्त्रं चढवली आणि थोड्याच दिवसांत फ्रान्सला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं. पुढच्या वीस वर्षांचं त्याचं वागणं समजून घ्यायचं तर ही रात्र विसरता येत नाही. सगळ्यांनी सोडलं, तरी आपण टिकलो आणि शेवटी ते परत आले, हे त्यानं एकदा अनुभवलं होतं.

मग रोमच्या पोपशी भेटीगाठींचा एक लांबलचक, निष्फळ खेळ झाला. १४०८ च्या सुमारास बेनेडिक्ट इटलीच्या किनाऱ्यावर पोर्तोव्हेनेरेपर्यंत गेला, रोमचा ग्रेगरी बारावा लुकापर्यंत आला. एकाला किनारा सोडवेना, दुसऱ्याला जमीन. कंटाळलेल्या कार्डिनलांनी १४०९ मध्ये पिसाला स्वतःच परिषद भरवली, दोघांनाही काढलं आणि तिसरा पोप निवडला. आधीचे दोघे हलले नाहीत. झाले तीन.

१४११ मध्ये बेनेडिक्टनं पेन्यीस्कोला आपलं ठाणं केलं. निवड विचारपूर्वक होती. तिन्ही बाजूंना समुद्र, पाठीशी आरागोनचं राज्य, तटाखाली स्वतःची गलबतं. टेम्प्लरांच्या रुक्ष दालनांत पोपचा दरबार सुरू झाला. ग्रंथांच्या पेट्या आल्या. आव्हिन्योंच्या ग्रंथालयातला मोठा हिस्सा इथं पोचला आणि हस्तलिखितांची संख्या हजाराच्या वर गेली. खाली समुद्राकडे १४१४ मध्ये त्यानं नवा दरवाजा बांधला. या सान्त पेरे दरवाजावर त्याच्या घराण्याचं चिन्ह, म्हणजे उलटा चंद्र, आजही दिसतं, कारण लुना म्हणजे चंद्र. त्याचं नाव ‘पापा लुना’ असंच रूढ झालं आहे. खडकाच्या कड्यावरून समुद्रात उतरणारा एक जिना दाखवला जातो, तो त्यानं एका रात्रीत कोरवून घेतला अशी दंतकथा आहे. पोटाच्या विकारावर तो घेत असे असं म्हणतात तो काढाही त्याच्या नावानं ओळखला जातो: धने, बडीशेप, जिरे, दालचिनी, ज्येष्ठमध.

हा दरबार नुसता देखावा नव्हता. २८ ऑगस्ट १४१३ रोजी पेन्यीस्कोलाहून जे फर्मान निघालं त्यावर स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज विद्यापीठ उभं राहिलं. फर्मान तिथं पोचायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. सहाशे वर्षं झाली, त्या विद्यापीठाच्या चिन्हात लुनाचा तो उलटा चंद्र अजून आहे. ज्याला चर्च आपल्या पोपांच्या यादीत धरत नाही, त्याच्या सहीनं स्थापन झालेली संस्था बिनतक्रार चालू आहे. १४१० मध्ये आरागोनची गादी रिकामी पडली आणि १४१२ मध्ये कास्पे इथं नऊ पंचांनी कास्तिलच्या फेर्दिनांदला राजा निवडलं. पंचांमध्ये लुनाचा जुना कबुलीगुरू, प्रसिद्ध धर्मोपदेशक विसेन्ते फेरेर होता. निकालामागं पोपचं वजन होतं, हे नवा राजाही जाणून होता.

या माणसाबद्दल सहानुभूतीनं लिहिताना तोर्तोसा टाळून पुढे जाता येत नाही. फेब्रुवारी १४१३ पासून नोव्हेंबर १४१४ पर्यंत तिथं त्यानं ज्यू पंडितांना वादासाठी बसवलं. ६९ बैठका झाल्या. समोरचा मुख्य वक्ता त्याचाच वैद्य, पूर्वीचा ज्यू आणि आता ख्रिस्ती झालेला हेरोनिमो दे सान्ता फे. निकाल ठरलेलाच होता. पंडित महिनोन्‌महिने घरापासून दूर अडकले, मागे राहिलेल्या वस्त्यांवर धर्मांतराचा दबाव वाढला आणि हजारो लोकांनी धर्म बदलला. मे १४१५ मध्ये फर्मान निघालं: तालमूद वाचायचा नाही, कित्येक धंदे करायचे नाहीत, ख्रिस्ती प्रवचनं सक्तीनं ऐकायची. आपल्याविरुद्धचा निवाडा न्यायाधीशाला अधिकारच नाही म्हणून झुगारणाऱ्या माणसानं इथं स्वतः असा न्यायाधीश व्हायला मागंपुढं पाहिलं नाही. त्याच्या हट्टाचं कौतुक मला या पानापाशी येऊन थांबवावं लागतं.

आता पेर्पिन्यां, सप्टेंबर १४१५. कॉन्स्टन्सच्या परिषदेनं पिसाच्या परंपरेतल्या पोपला मे महिन्यात हटवलं होतं. रोमच्या ग्रेगरीनं जुलैत राजीनामा दिला होता. उरला एकटा बेनेडिक्ट. सम्राट सिगिस्मुंड स्वतः कॉन्स्टन्सहून त्याला भेटायला आला. राजा फेर्दिनांद आजारी, पण तोही आला. त्यांच्यासमोर सत्त्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानं तासन्‌तास भाषण केलं. सात तास, असं सांगितलं जातं. बिनतोड युक्तिवाद होता तो. पहिली गोष्ट, बाकीचे दोघे गेले, म्हणजे एकच पोप उरला. मग फूट उरली कुठं? दुसरी गोष्ट, तुम्ही म्हणता १३७८ नंतरचे सगळे पोप संशयास्पद. ठीक. मग त्यांनी नेमलेले कार्डिनलही संशयास्पद. फुटीच्या आधी, ज्याच्याबद्दल कुणालाच शंका नाही अशा पोपनं नेमलेला, आज जिवंत असलेला कार्डिनल एकच आहे. तो मी. पोप निवडायचा खरा अधिकार कुणाला असेल तर मला एकट्याला.

१३७५ हे साल लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. या मांडणीत कायद्याच्या बाजूनं चूक काढणं आजही अवघड आहे. पण समोर बसलेले लोक चूक काढायला आले नव्हते. सदतीस वर्षांत एक अख्खी पिढी दोन-तीन पोपांच्या भांडणात म्हातारी झाली होती, त्यांना ते संपवायचं होतं. लुनाला कायदा दिसत होता, थकलेली माणसं दिसत नव्हती. मला वाटतं, तो हरला तो इथं. कॉन्स्टन्सला नंतर जे झालं तो नुसता शिक्का होता.

नोव्हेंबरात तो समुद्रमार्गे पेन्यीस्कोलाला परतला. ६ जानेवारी १४१६ रोजी आरागोननं त्याची आज्ञा सोडल्याचा जाहीरनामा पेर्पिन्यांला वाचला गेला. वाचणारा विसेन्ते फेरेर होता. ज्याला मी राजा केलं त्यानंच मला ओसाड जागी सोडलं, असा निरोप लुनानं फेर्दिनांदला पाठवल्याचं इतिहासकार सांगत आले आहेत. राजा त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. १४१७ च्या सुरुवातीला परिषदेचे दूत, काळ्या झग्यातले बेनेडिक्टाइन साधू, खडकावर समन्स घेऊन आले. खरं चर्च कॉन्स्टन्सला नाही, इथं आहे, असं त्यानं त्यांना सांगितलं. प्रलयात सारी मनुष्यजात नोआच्या तारवात होती, तशी.

त्या तारवातून माणसं उतरतच राहिली. नोव्हेंबर १४१७ मध्ये कॉन्स्टन्सला मार्टिन पाचवा निवडून आला आणि लुनाच्या थोड्या कार्डिनलांपैकीही बहुतेक गेले. १४१८ मध्ये त्याच्या गोड खाण्यात सोमल घालण्यात आला. तो बरेच दिवस आजारी राहिला, पण वाचला. संशय मार्टिनच्या प्रतिनिधीपर्यंत गेला. नवा राजा आल्फोन्सो पाचवा याला खडकावरचा म्हातारा सोयीचा होता. नेपल्सच्या राजकारणात मार्टिनला नमवायचं असलं की लुना हे प्यादं हाताशी होतं. म्हणून राजानं त्याला मानलं नाही आणि हुसकलंही नाही. नोव्हेंबर १४२२ मध्ये लुनानं चार नवे कार्डिनल नेमले, म्हणजे आपल्यामागं निवडणूक व्हावी. सर्वसाधारणपणे मानलं जातं त्यानुसार २३ मे १४२३ रोजी तो गेला. वय पंचाण्णवच्या आसपास.

किल्ल्यातल्या प्रार्थनागृहात पुरलेलं त्याचं शव काही वर्षांनी पुतण्यानं इल्युएकाला नेलं. पुढे फ्रेंच सैनिकांनी त्याची विटंबना केली आणि उरली फक्त कवटी. २००० साली ती चोरीला गेली, खंडणी मागितली गेली, मग पोलिसांनी ती परत मिळवली. पेन्यीस्कोलाच्या तटबंदीचंही बरंच काही झालं: सोळाव्या शतकात फिलिप दुसऱ्यासाठी इटालियन अभियंता आन्तोनेल्लीनं तोफांच्या काळाला साजेसे बुरूज बांधले, नेपोलियनच्या युद्धात गावाची धूळधाण झाली, १९६१ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘एल सिद’ चित्रपटात याच पुळणीवर चार्ल्टन हेस्टन घोडा दौडवत गेला. अलीकडे ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं चित्रीकरण झालं आणि ते पाहून येणारे तरुण गल्ल्यांत दिसतात.

पण लुनाची गोष्ट १४२३ मध्ये संपली नव्हती. जून महिन्यात किल्ल्यात हजर असलेल्या तीन कार्डिनलांनी दार लावून निवडणूक घेतली आणि तेरुएलच्या हिल सान्चेस मुन्योसला क्लेमेंट आठवा म्हणून पोप केलं. चौथा, जां कार्ये, फ्रान्समध्ये होता. परत आल्यावर त्यानं ही निवड विकत घेतलेली म्हणून नाकारली आणि गुपचूप स्वतःचा वेगळा पोप जाहीर केला. त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मुन्योस सहा वर्षं खडकावर राहिला. मग आल्फोन्सो आणि मार्टिन यांचं जुळलं आणि त्याची गरज संपली.

२६ जुलै १४२९ रोजी, कॉन्स्टन्सच्या निकालाला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी, क्लेमेंट आठव्यानं पोपच्या पूर्ण वेषात आसनावर बसून मार्टिनविरुद्धचे सगळे बहिष्कार मागे घेतले आणि राजीनामा दिला. मग त्यानं वस्त्रं उतरवली आणि साध्या पोशाखात परत आला. उरलेल्या कार्डिनलांनी लगेच आज्ञा मानायला हवी होती, पण त्यांनी तसं केलं नाही. पोपची जागा रिकामी झाली, तर कायद्यानं आधी निवडणूक. त्यांनी पुन्हा दार लावलं, रीतसर मतं दिली आणि पोप म्हणून ओदोने कोलोन्ना याला निवडलं. कोलोन्ना म्हणजे रोममध्ये अकरा वर्षांहून अधिक काळ गादीवर असलेला मार्टिन पाचवा. पेन्यीस्कोलाच्या दप्तरी तो त्या दिवशी पोप झाला. मुन्योसला मायोर्काचं बिशपपद मिळालं आणि त्यानं ते शेवटपर्यंत नीट सांभाळलं.